दीड किलोमीटर सैल

वहिनीच्या शिवणाच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाची दोन मापं असायची, एक वहीतलं आणि एक तोंडी. वहीतलं माप खरं. त्यात पाव इंचही इकडचं तिकडे व्हायचं नाही. तोंडी माप मात्र गिऱ्हाइकाचा चेहरा बघून सांगितलं जायचं. कंबर दोन इंचांनी वाढलेली एखादी बाई आरशापुढे श्वास रोखून उभी राहिली, की वहिनी टेप गळ्यात टाकत म्हणायची, "आहात तशाच आहात हो, कापड आटलंय." मग बाई गेल्यावर बाजूची शिवण उसवून आत राखून ठेवलेलं कापड सोडून द्यायची. बाई खूश, कपडा अंगाला बरोबर, आणि बावीस वर्षांत एकही तक्रार नाही. माणसाला त्याचं माप सांगायचं नसतं, ते त्याला बसवून द्यायचं असतं, असं वहिनीचं मत होतं, आणि स्वतःच्या मतांवर तिचा भारी विश्वास होता.

सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची, पण खऱ्या नात्याने ती एकटीचीच वहिनी होती. ती एकटी म्हणजे भिंगरी, नवऱ्याची धाकटी बहीण. लहानपणी तिचा पाय म्हणून घरात ठरायचा नाही, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा भिंगरी अकरा वर्षांची होती आणि जिना तीन-तीन पायऱ्या गाळून उतरायची. पुढे तिचे डोळे हळूहळू अधू होत गेले. विसाव्या वर्षी उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच कळायचं उरलं, मग तेही गेलं. त्यानंतर दीड वर्ष ती खोलीबाहेर पडली नाही. तिचा दादा शहराची बस चालवायचा. गर्दीतून अख्खी बस अलगद काढणारा हा माणूस, पण बहिणीच्या खोलीचं बंद दार बघितलं की बिचारा पाय न वाजवता मागे फिरायचा.

वहिनी मागे फिरणाऱ्यांतली नव्हती. एका सकाळी तिने उरलेल्या जाड कापडाची वीतभर पट्टी शिवली, दोन टोकांना दोन कापडी कडी केली, एक कडं स्वतःच्या मनगटात घातलं, दुसरं नणंदेच्या, आणि म्हणाली, "चल, पळत जाऊन दूध आणू." दूध आणलं, अर्धं सांडलं. दुसऱ्या दिवशी भिंगरी स्वतःच पट्टी शोधत खाली आली.

त्याला आता चौदा वर्षं होत आली होती. भिंगरी एका मोठ्या इस्पितळात चौकशीच्या फोनवर बसायची, कोणता डॉक्टर कोणत्या मजल्यावर ते तिला तोंडपाठ होतं, आणि रोज सकाळी सहा वाजता दोघी कालव्याच्या काठाने पळायच्या. कालव्यावरच्या पंपघरापर्यंत पाच किलोमीटर, परत येताना पाच. वहिनीच्या खिशात जुनं स्टॉपवॉच असायचं. "एक झाला, दोन झाले," असं ती ठरलेल्या खुणांवर पुकारायची आणि घरी आल्यावर वेळ सांगायची. भिंगरीला मैलाचा दगड आणि घड्याळ दोन्ही म्हणजे वहिनीचा आवाज.

गेल्या वर्षी पुलापलीकडचा रस्ता नळ टाकायला खणला आणि तो खणलेलाच राहिला. वहिनीने नवा रस्ता काढला. पुलापाशी वळायचं, गोदामांना वळसा घालायचा आणि शाळेच्या भिंतीकडून परत यायचं. हेही दहाच भरतं, असं तिने नजरेनेच ठरवून टाकलं. तिची नजर म्हणजे टेपशिवाय कापडाचा मीटर सांगणारी, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पण कापड वेगळं आणि रस्ता वेगळा. नव्या रस्त्यावर महिन्याभरातच भिंगरीने दहा किलोमीटर अठ्ठावन्न मिनिटांत संपवले. आयुष्यात पहिल्यांदा तासाच्या आत. तिने इस्पितळात तीन मजल्यांना पुरेल एवढा केक नेला.

आणि त्याच रविवारी, नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून त्याच रस्त्याने जाताना, वहिनीने सहज म्हणून काट्यावर नजर ठेवली. साडेआठ. तिने नवऱ्याला पुन्हा एक चक्कर मारायला लावली. त्याने का म्हणून विचारलं, तर म्हणाली, हवा छान आहे. दुसऱ्यांदाही साडेआठच भरले.

त्या संध्याकाळी ती सांगणारच होती. शब्द ओठावर आले होते. पण भिंगरी फोनवर कुणाला तरी पाचव्यांदा तेच अठ्ठावन्न मिनिटांचं पुराण ऐकवत होती, आणि तो आनंद मोडायचा जीव होईना. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी वहिनी स्वतःशीही मोठ्याने बोलत नसे. तिचा डावा गुडघा दुखायला लागला होता. डॉक्टरांनी पळणं बंद करा म्हणून सांगितलं होतं, आणि तिने ते कागदासकट खणात ठेवून दिलं होतं. दीड किलोमीटर कमी असलेलं गुडघ्याला बरंच होतं. मायेचं खोटं आणि सोयीचं खोटं असे दोन धागे एकमेकांत इतके गुंतले, की कुठला कुठला ते तिचं तिलाच कळेना. मात्र हाताला लागलेली सवय सुटत नाही. रोज दुकान उघडल्यावर ती मापांच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या कंबरा आणि बाह्या यांच्या मागे एका वेगळ्या पानावर लिहायची, "भिंगरी, साडेआठ." वहीत खोटा आकडा लिहिणं तिला जमलंच नसतं.

असे अकरा महिने गेले. भिंगरी छप्पन्न मिनिटं चाळीस सेकंदांवर आली. मग तिने शहरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं, सगळ्या इस्पितळाला सांगून टाकलं की मी तासाच्या आत येणार, आणि एके दिवशी चहा पिताना सहज म्हणाली, की आपण एक जीपीएसचं घड्याळ घेऊ या. आपलं अंतर आपणच मोजणारं. निवडायला वहिनी, तुम्ही चला.

वहिनीने दातांनी धागा तोडला आणि उगाच कशाला खर्च, मी आहे ना, असं म्हणाली. भिंगरी नुसती हसली. ती एकदा हसली की ऐकत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

घड्याळांच्या दुकानात काचेच्या टेबलाखाली पांढऱ्या फोमची मनगटं ओळीने मांडली होती आणि प्रत्येकाला एकेक घड्याळ. विक्रेता चाळिशीचा, चष्मा कपाळावर ढकललेला, इस्त्रीच्या पँटखाली पळायचे बूट. त्याने वहिनीलाच विचारलं, "यांना कुठला रंग आवडेल?"

भिंगरीने हात टेबलावर ठेवला. "मनगट माझं आहे. मलाच विचारा. रंग कुठलाही चालेल."

चष्मेवाला कानापर्यंत लाल झाला, पण माणूस भला होता. त्याने माफी मागितली आणि त्यानंतर एकदाही भिंगरीला सोडून वहिनीशी बोलला नाही. पहिलं घड्याळ त्याने मोठ्या कौतुकाने काढलं. सगळं काचेवर बोट फिरवून चालणारं, एकही बटण नाही. भिंगरीने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ही तर कोरी पाटी झाली. वहिनीला मात्र ते एकाएकी फार आवडलं. किती नाजूक, किती हलकं, हातात किती शोभतं, घेऊन टाक हेच. नणंदेला वाचता येणार नाही असं घड्याळ ती नणंदेच्याच गळ्यात मारत होती, आणि आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं.

दुसरं घड्याळ पाच बटणांचं होतं. दर किलोमीटरला मनगटावर थरथरणारं, आणि फोनला जोडलं की कानात वेळ व अंतर सांगणारं. भिंगरीचा चेहरा उजळला. वहिनीने लगेच खोड्या काढायला सुरुवात केली. जड आहे. पट्ट्याने घाम येईल. बायकांच्या हाताला हे पहिलवानी यंत्र कसं दिसेल. आणि रोज चार्जिंगला कोण लावत बसणार? चष्मेवाल्याने सांगितलं की आठवड्यातून एकदा लावलं तरी पुरतं. वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं, की तो तिसरं घड्याळ काढायला खाली वाकला.

तिसरं स्वस्तातलं, जुन्या धाटणीचं. त्याबद्दल तो स्वतःच जरा अपराधी होता. उंच इमारतींमधून किंवा दाट झाडांखालून जाताना ते थोडं चुकतं, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

वहिनीचे कान टवकारले. "किती चुकतं?"

"दहा किलोमीटरला शंभर-दोनशे मीटर. फार नाही."

"त्याहून जास्त चुकणारं नाही का तुमच्याकडे?"

चष्मेवाल्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि तिला नीट बघितलं. दुकानात येणारा प्रत्येक जण कमीत कमी चुकणारं घड्याळ मागतो. जास्त चुकणारं मागणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं. भिंगरीला वाटलं वहिनी थट्टा करतेय, आणि ती खळखळून हसली.  मग भिंगरीने दुसरं घड्याळ हातात घेतलं, पाचही बटणं बोटांनी चाचपली, वरच्या उजव्या बटणावरची बारीक रेघ तिला सापडली, आणि पाच मिनिटांत ती न अडखळता ते सुरू आणि बंद करू लागली. चष्मेवाल्याने बजावलं, की पळण्याआधी मोकळ्यावर उभं राहायचं, त्याला उपग्रह सापडले की ते एकदा थरथरतं, मगच निघायचं. भिंगरीने मान डोलावली आणि घड्याळ घेतलं.

दुसऱ्या दिवसापर्यंत वहिनीने सगळे उपाय मनात शिवून उसवून बघितले. नेहमीच्या रस्त्याने जावं तर घड्याळ साडेआठ सांगणार. रस्ता वाढवून दहा भरावेत तर वेळ तासाच्या पलीकडे कुठल्या कुठे जाणार, आणि गुडघा वाटेतच बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. चार्जिंगची वायर शिलाई यंत्राच्या खणात लपवावी, असंही तिच्या मनात एकदा येऊन गेलं. इतकी ती खाली उतरली होती.

सकाळी दोघी फाटकाबाहेर मोकळ्यावर उभ्या राहिल्या. घड्याळ थरथरलं. भिंगरीने बटण दाबलं आणि त्या निघाल्या. बेकरीच्या कोपऱ्यावर वहिनीची जीभ सवयीने बोलून गेली, "एक झाला."

घड्याळ गप्प होतं. मिनिटभराने ते थरथरलं. उशीर झाला त्याला, असं भिंगरी म्हणाली. दुसऱ्या खुणेनंतर त्याला दोन मिनिटं लागली. तिसऱ्या खुणेवर वहिनीने पुकारलंच नाही. भिंगरी गोदामाच्या भिंतीपाशी थांबली, आणि पट्टी ताणली गेली तशी वहिनीही थांबली.

"वहिनी, घड्याळ चुकतंय का?"

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. चुकतं हा शब्द दुकानदाराच्या तोंडून दोघींनी ऐकला होता. इमारती, झाडं, काहीही सांगता आलं असतं. वहिनीने वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं, झाडाचं पानही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "घड्याळ बरोबर आहे. मी चुकीचं सांगत आलेय."

आणि तिथेच, भिंतीला टेकून, तिने खणलेल्या रस्त्यापासून स्कूटरच्या काट्यापर्यंत सगळं सांगितलं. गुडघ्याचं मात्र सांगितलं नाही. ती सबब वाटली असती.  भिंगरीने किती दिवस म्हणून विचारलं. अकरा महिने, असं वहिनी म्हणाली. मग तिने विचारलं, छप्पन्न चाळीसचे खरे किती होतात. ते वहिनीने कधीच मांडून ठेवलं होतं. सहासष्ट मिनिटं चाळीस सेकंद.

भिंगरीने कड्यातून हात काढून घेतला.

"मला दिसत नाही, म्हणून लोक मला पुष्कळ गोष्टी सांगत नाहीत," ती म्हणाली. "पुढे खड्डा आहे हे सांगतात. केस पांढरे झाले हे सांगत नाहीत. मला वाटायचं, तुम्ही तशा नाही."

घरी जायला तिला वहिनी लागणारच होती. तिने वहिनीचं कोपर धरलं, रस्ता ओलांडायला अनोळखी माणसाचं धरतात तसं, आणि दोघी चालत परत आल्या. पट्टी वहिनीच्या हातात लोंबत राहिली. चौदा वर्षांत घरी येताना ती पट्टी कधी रिकामी नव्हती.

चार दिवस भिंगरी वहिनीशी बोलली नाही. सकाळी सहाला तिचं दार बंद असायचं. दादा दोघींचे निरोप वाहू लागला, आणि बस परवडली पण ही फेरी नको, असं बायकोला म्हणाला. काय झालंय हे त्याला सांगितल्यावर, त्या दिवशीच्या दोन चकरांचा अर्थ आत्ता लागला, एवढंच तो बोलला.

तिसऱ्या दिवशी दुकानात एक जुनं गिऱ्हाईक आलं, बँकेतली बाई. आरशापुढे तिने नेहमीप्रमाणे श्वास रोखला. वहिनीने टेप लावला आणि कापड आटल्याचं सांगायला तोंड उघडलं, तर भलतंच बाहेर पडलं. "दोन इंच वाढलीय कंबर."

बाईने श्वास सोडला. रागावेल असं वहिनीला वाटलं, पण ती स्टुलावर बसली आणि हसायला लागली. घरी पँटचं बटण लागत नाही तेव्हाच कळतं हो, म्हणाली. तुम्ही इतक्या प्रेमाने खोटं सांगता, म्हणून मीही बोलत नव्हते. दर वेळी इथे श्वास कोंडून उभं राहायचं म्हणजे दम लागतो.

बाई गेल्यावर वहिनीने कातरी खाली ठेवली. बावीस वर्षं आपण लोकांना सुखी करतोय असं ती समजत होती, आणि लोक तिच्यासाठी श्वास कोंडून उभे होते. मग तिने दुकानाला कुलूप लावलं, पट्टी पिशवीत टाकली आणि सरळ घड्याळांच्या दुकानात गेली.

चष्मेवाल्याला वाटलं घड्याळ परत आलं. वहिनीने टेबलावर पट्टी ठेवली आणि विचारलं, तुम्ही पळता ना? किती मिनिटांत? आणि सकाळी कुणाबरोबर? तो एकटाच पळायचा, दहा किलोमीटर पन्नास मिनिटांत. मग तिने त्याला सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. शेवटी गुडघ्याचंही सांगितलं. मला आता हिला दहा पळवता येणार नाही, ती म्हणाली, आणि बोलताना तिचे डोळे भरून आले, ते तिने लपवले नाहीत. मग तिने चष्मेवाल्याला दुकानाबाहेर नेलं, डोळे मिटायला लावले, पट्टीचं एक कडं त्याच्या मनगटात घातलं आणि त्याला भर रस्त्यातून कोपऱ्यापर्यंत पळवत नेऊन परत आणलं. येताना तिने पायरी आली हे मुद्दाम अर्धं पाऊल उशिरा सांगितलं. तो धडपडला.

"एवढा उशीर चालत नाही," वहिनी म्हणाली. "आता तुम्ही मला न्या." आणि तिने डोळे मिटले.

पाचव्या दिवशी दुपारी पांढरी काठी टेकत भिंगरी दुकानात आली आणि नेहमीच्या स्टुलावर बसली. यंत्र चालूच होतं. मग तिने विचारलं, की त्या अकरा महिन्यांत रोज नक्की किती पळालो, हे तुम्हाला तरी आठवतं का. वहिनीने यंत्र थांबवलं. आठवायला नको, म्हणाली, वहीत आहे. रोजचं खरं माप लिहिलंय.

"वाचा," भिंगरी म्हणाली.

वहिनीने पान काढलं आणि पहिल्या तारखेपासून वाचायला सुरुवात केली. साडेआठ, एकोणसाठ मिनिटं. साडेआठ, अठ्ठावन्न. मधे कुठे आठच, त्या दिवशी भिंगरीला सर्दी होती. मधे दोन दिवस कोरे, वहिनीचा गुडघा. तिथे ती अडखळली आणि पुढे गेली. भिंगरी ऐकत होती. दोन-तीन महिने वाचून झाल्यावर तिने हात वर केला.

"मला ती वही वाचता येत नाही," ती म्हणाली. "त्यात कोरी पानं असली, तरी मला कळणार नाही. तुम्ही वाचाल तेच माझ्यासाठी लिहिलेलं. म्हणून मला एवढा राग आला, वहिनी. दीड किलोमीटरसाठी नाही आला."

 वहिनीने वही मिटली आणि नणंदेचा हात हातात घेतला, आणि भिंगरीने तो काढून घेतला नाही.

"आणि ते कोरे दोन दिवस. तुमचं डावं पाऊल हिवाळ्यापासून चोरटं पडतं. मला कधीपासून ऐकू येतंय. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. मग वाटलं, दुसऱ्या माणसाला कुठे एक झाला नि कुठे दोन झाले ते ठाऊक नसतं, म्हणून तुम्ही अडकून पडलाय. घड्याळ आलं की ते सांगेल, आणि तुम्ही सुटाल. म्हणून तर घेतलं मी ते."

ज्या घड्याळाला चुकवण्यासाठी वहिनीने आकाशपाताळ एक केलं होतं, ते तिच्याच गुडघ्यासाठी घेतलेलं होतं. तिला एकदम हसू आलं आणि रडूही. मग तिने डोळे पुसले आणि चष्मेवाल्याचं सांगितलं. भिंगरीने फक्त विचारलं, तो पायरी वेळेवर सांगतो का. आता सांगतो, वहिनी म्हणाली.

इस्पितळात भिंगरीने स्वतःच सांगून टाकलं, की माझे छप्पन्न खरे सहासष्ट होते. लोक दोन दिवस हसले, मग तिसऱ्या मजल्यावरच्या परिचारिकांनी नवा केक मागितला, आणि विषय संपला. त्यानंतरचे सात आठवडे ती चष्मेवाल्याबरोबर पळाली. वहिनी मागून सायकलवरून यायची, कारण डॉक्टरांनी तेवढी परवानगी दिली होती, आणि चष्मेवाल्याच्या प्रत्येक वळणावर टीका करायची. गुडघ्याचे व्यायामही ती आता रोज करू लागली. किलोमीटर मात्र ती पुकारत नसे. ते घड्याळ करायचं, आणि तिच्या जिभेला सुरुवातीला फार चुकल्यासारखं व्हायचं.

शर्यतीच्या आयोजकांकडे भिंगरीने एक विनंती केली होती: आठव्या किलोमीटरवर सोबती बदलायचा. ती मान्य झाली, आणि व्यायामाने सुधारलेल्या गुडघ्याला डॉक्टरांनीही सावकाश दोन किलोमीटरची मुभा दिली. त्यामुळे शर्यतीच्या सकाळी वहिनी आठव्या खांबापाशी, छातीवर क्रमांक लावून, पाय मोकळे करत उभी होती. भिंगरी लांबून दिसली. ती इतकी सुरेख पळत होती, की वहिनी आपण कशाला उभ्या आहोत तेच क्षणभर विसरली.

चष्मेवाला धापा टाकत ओरडला, "सत्तेचाळीस तीस. आरामात तासाच्या आत."

वहिनीचा हिशोब त्याच्याआधी झाला होता. याच चालीने आणखी दोन किलोमीटर, म्हणजे तासाला अर्धं मिनिट कमी. आणि आपल्या गुडघ्याने, चौदा मिनिटं. तिने हात पाठीमागे नेले.

"तुम्हीच घेऊन जा हिला," ती म्हणाली. "माझ्या हातात दिलीत तर तास हुकेल."

भिंगरी जागच्या जागी पाय हलवत होती. "वहिनी, उभं राहूनही माझी वेळ जातेय. हे माप मी घेतलंय. हात द्या."

वहिनीने हात दिला. चष्मेवाल्याने आपल्या मनगटातलं कडं काढून तिच्या मनगटात घातलं, आणि दोघी निघाल्या. पहिल्या काही पावलांत त्यांची चाल जुळली. लोक त्यांना मागे टाकून जात होते. डावीकडे वळण, वहिनी सांगत होती, पुढे पाणी सांडलंय, आता चढ, आता सपाट. भिंगरी कुठेही ओढत नव्हती. नऊवर घड्याळ थरथरलं आणि ती म्हणाली, पुढच्या वर्षी तासाच्या आत, तुमच्याशिवाय. आणि शेवटचे दोन पुन्हा तुमच्याबरोबर, मग कितीही लागोत. ते दोन्ही एका शर्यतीत कसं बसणार हे वहिनीने विचारलं नाही. तिला तेवढा दमही उरला नव्हता.

शेवटची रेघ त्यांनी एकाच पावलाने ओलांडली. घड्याळ लांब थरथरलं, कानातल्या आवाजाने सगळे आकडे सांगितले. भिंगरीने ते कानातलं काढून खिशात टाकलं, गुडघ्यांवर हात टेकले, आणि चौदा वर्षं विचारत आली होती तसंच विचारलं.

"किती झाले, वहिनी?"

वहिनीने तिचं मनगट धरून घड्याळ जवळ ओढलं. तासच की, असं म्हणायला जीभ वळवळली. बावीस वर्षांची सवय होती तिची.

"एक तास, एक मिनिट, तीस सेकंद," ती म्हणाली.

"आणि अंतर?"

"दहा. पूर्ण दहा."

"बरोबर," भिंगरी म्हणाली. "आता वहीत लिहा."